जर्मनीत डॉक्टरचं लायसन्स कोण देतं, आणि ‘कामर’चं काम कुठे सुरू होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रात एमबीबीएस आणि एमडी मेडिसिन केलेले, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी असलेले एक डॉक्टर जर्मनीत जायच्या तयारीत आहेत. जर्मन भाषेची बी-टू पातळी झाली आहे. लायसन्ससाठी तिथल्या डॉक्टरांच्या चेंबरकडे (‘कामर’कडे) अर्ज करायचा की सरकारकडे, एमडी तिथे धरलं जाईल का, आणि पाच वर्षांत सतत शिक्षणाचे २५० पॉइंट्स मिळवायची अट पहिल्या दिवसापासून लागू होते का, हे त्यांना हवं आहे. पत्नी नर्स आहेत. त्यांचं चेंबर कोणतं, हाही प्रश्न आहे.

गोंधळ होण्याचं कारण सरळ आहे. आपल्याकडे नोंदणी, दर पाच वर्षांचं नूतनीकरण, क्रेडिट पॉइंट्स आणि तक्रारी हे सगळं एकाच कौन्सिलच्या छताखाली चालतं. जर्मनीत हीच कामं तीन-चार ठिकाणी विभागलेली आहेत आणि एका खिडकीवरचा माणूस दुसऱ्या खिडकीचं काम करत नाही. चुकीच्या दारात कागद देऊन बसलात तर ‘हे आमच्याकडे नाही’ एवढं कळायलाच आठवडे जातात. म्हणून कोणता कागद कुणाचा, हे आधी डोक्यात पक्कं करा.

डॉक्टर म्हणून काम करायचा पूर्ण परवाना म्हणजे अप्रोबेशन. तो राज्य सरकारचं कार्यालय देतं, चेंबर नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये हे काम श्टुटगार्टच्या रेगीरुंग्सप्रेझिडियुमकडे आहे, बर्लिनमध्ये आरोग्य आणि समाजकल्याण खात्याच्या राज्य कार्यालयाकडे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये म्युन्स्टरच्या बेझिर्क्सरेगीरुंगकडे. कायदा मात्र देशभर एकच आहे, त्यामुळे एकदा मिळालेलं अप्रोबेशन सगळ्या राज्यांत चालतं आणि त्याला मुदत नसते. ते काढून घ्यायचा अधिकारही या कार्यालयालाच आहे.

एर्त्स्टेकामर, म्हणजे डॉक्टरांचं चेंबर, ही राज्याच्या कायद्याने उभी केलेली सार्वजनिक संस्था आहे. तिथली आपली मंडळी नुसतं ‘कामर’ म्हणतात, मीही तेच लिहितो. राज्यं १६ असली तरी कामर १७ आहेत, कारण नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये दोन आहेत: एक ड्युसेलडॉर्फला, एक म्युन्स्टरला. बर्लिनची बुंडेसएर्त्स्टेकामर ही या १७ जणांची एकत्रित संघटना आहे. ती तुमची नोंदणी करत नाही, तिथे अर्ज पाठवू नका. कामरचं सभासदत्व ऐच्छिक नाही. त्या भागात डॉक्टर म्हणून कामाला लागलात की तुम्ही सभासद झालातच. मग महिन्याभराच्या आत नोंदणी उरकावी.

लायसन्स कामर देत नसली तरी त्या वाटेवर तुमची पहिली परीक्षा बहुतेक राज्यांत तीच घेते. ही वैद्यकीय भाषेची परीक्षा, सगळे तिला एफएसपी म्हणतात. राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांच्या परिषदेने २०१४ मध्ये तिची चौकट ठरवली: बी-टू ही रोजच्या भाषेची पातळी, आणि डॉक्टरी भाषा मात्र सी-वन, म्हणजे त्याहून एक पायरी वरची. परीक्षा एक तासाची असते. २० मिनिटं रुग्णाशी बोलून माहिती घ्यायची, २० मिनिटांत त्यावर डॉक्टरी पत्र लिहायचं, आणि शेवटची २० मिनिटं वरिष्ठ डॉक्टरसमोर केस मांडायची. बऱ्याच राज्यांत तुम्ही स्वतः थेट नाव नोंदवू शकत नाही. अप्रोबेशनच्या कार्यालयाने फाइल पाहून पत्र दिलं की मगच कामर तारीख देते. आणि तारीख मिळायला काही ठिकाणी महिने लागतात, हे वेळापत्रकात धरा.

या परीक्षेत तुमचं वैद्यकीय ज्ञान तपासायचं नसतं. चांगले डॉक्टर इथेच चुकतात. निदानाच्या मागे लागतात आणि रुग्ण काय म्हणाला ते निसटतं. रुग्णाची भूमिका करणारी व्यक्ती बोलता बोलता सांगते की चिकटपट्टीची अॅलर्जी आहे, सकाळी रक्तदाबाची गोळी अर्धी घेते, आईला साखरेचा आजार होता. उमेदवार छातीच्या दुखण्यात गुंतलेला असतो, पत्रात अॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहितो आणि गोळीचा डोस पूर्ण लिहितो. गुण इथे जातात. ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगता का, अक्षरं सांगता का’ असं विचारणं ही कमतरता नाही. परीक्षकांना तेच हवं असतं. दुसरी ठरलेली चूक म्हणजे रुग्णाला ‘डिस्प्नो होतो का’ असं विचारणं. रुग्णाशी धाप लागते का असं साध्या जर्मनमध्ये, आणि वरिष्ठासमोर मात्र तीच गोष्ट लॅटिन-ग्रीक संज्ञांत. दोन्ही बाजूंची जोडी तयार ठेवा, कारण अनेक कामर वैद्यकीय शब्दांची यादी देऊन त्यांचे रुग्णाला कळतील असे अर्थ विचारतात. आणि घड्याळ लावून पत्र लिहायचा सराव करा. २० मिनिटं फार कमी असतात. नाव, जन्मतारीख, तक्रार, आधीचे आजार, औषधं, अॅलर्जी, कुटुंबाचा इतिहास, संभाव्य निदान, पुढच्या तपासण्या हा क्रम हातात बसलेला हवा.

एफएसपीनंतर तुमच्या शिक्षणाची तुलना होते. भारतीय पदवी युरोपीय संघाबाहेरची, त्यामुळे ती आपोआप समकक्ष धरली जात नाही. कागदांवरून समकक्षता पाहायला लावता येते किंवा थेट ज्ञानाची परीक्षा, म्हणजे केपी, देता येते. माझं स्पष्ट मत: तुमच्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम तासांसकट, विषयवार, शिक्क्यानिशी हातात नसेल तर कागदांच्या तुलनेत वेळ घालवू नका, सरळ केपीची तयारी करा. ती तोंडी आणि प्रात्यक्षिक असते, प्रत्येक उमेदवारामागे ६० ते ९० मिनिटांची, खऱ्या रुग्णाच्या तपासणीसकट. मेडिसिन आणि सर्जरी हे गाभ्याचे विषय. सोबत इमर्जन्सी, औषधशास्त्र, इमेजिंग, किरणोत्सर्गापासून संरक्षण आणि डॉक्टरी व्यवसायाचे कायदेशीर प्रश्न. नापास झालात तर दोनदाच पुन्हा बसता येतं, त्यापुढे नाही. एमडी मेडिसिन असलेला माणूस बहुधा सर्जरीत अडखळतो, त्यामुळे पोट दुखतंय असा रुग्ण, हर्निया, हाडं मोडणं, शस्त्रक्रियेनंतरचा ताप हे विषय पुन्हा बसवून घ्या.

तोपर्यंत काम करायला बेरूफ्सएर्लाउबनिस मिळू शकते. ही तात्पुरती परवानगी, एकूण कमाल दोन वर्षांची, त्या राज्यापुरती आणि कधी कधी त्या एका हॉस्पिटलपुरतीच. हॉस्पिटल तुम्हाला या परवानगीवर लगेच घ्यायला तयार असतं. आनंदाने जा, पण केपीची तारीख मागायचं काम त्याच आठवड्यात सुरू करा. ड्युट्यांच्या रगाड्यात दीड वर्ष कधी गेलं कळत नाही, आणि मग मुदत संपत आलेली असताना पहिला प्रयत्न देण्याची वेळ येते.

अर्जासोबतच्या कागदांत महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलशी संबंध येतो तो गुड स्टँडिंग सर्टिफिकेटपुरता, म्हणजे नोंदणी चालू आहे आणि तुमच्यावर कारवाई नाही असं सांगणाऱ्या पत्रापुरता. बहुतेक ठिकाणी ते तीन महिन्यांपेक्षा जुनं चालत नाही, म्हणून ते सगळ्यांत शेवटी काढा. पदवी, इंटर्नशिप, गुणपत्रिका, भाषांतरं आधी तयार ठेवा. कौन्सिलची नोंदणी पाच वर्षांनी संपली असेल आणि ३० क्रेडिट पॉइंट्स भरले नसतील, तर आधी नूतनीकरण आणि मग गुड स्टँडिंग, यात बराच वेळ जातो. जर्मनीला गेल्यावरही ही नोंदणी चालू ठेवा. परत यायचं ठरलं किंवा दुसऱ्या राज्याने पुन्हा तेच सर्टिफिकेट मागितलं तर धावपळ होत नाही. अपॉस्टिलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा धरला जावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याबद्दल, एक सावधगिरी: भारत हेग कराराच्या अपॉस्टिल व्यवस्थेत आला तेव्हा जर्मनीने त्यावर आक्षेप नोंदवला होता. त्यामुळे एजंटने सांगितलं म्हणून सगळ्या कागदांवर अपॉस्टिल मारून घेऊ नका. ज्या कार्यालयात अर्ज करणार त्याला ईमेल करून कोणत्या स्वरूपात साक्षांकन हवं ते लेखी मागा. आणि एका वेळी एकाच राज्यात अर्ज करा. दुसरीकडे अर्ज केलेला नाही असं लिहून द्यावं लागतं.

आता एमडीबद्दल. कामरचं खरं बळ स्पेशालिस्ट शिक्षणात आहे. त्याला वाइटरबिल्डुंग म्हणतात आणि त्याची परीक्षा, प्रमाणपत्र, नियम, शिकवणाऱ्या डॉक्टरांची मान्यता हे सगळं कामरच्या हातात आहे. १९७२ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने स्पेशालिस्टविषयक निकालात बजावलं की मूलभूत गोष्टी कायद्यानेच ठरवाव्या लागतील, सगळंच चेंबरच्या नियमावलीवर सोडता येणार नाही. म्हणून आज चौकट राज्याच्या कायद्यात आहे आणि तपशील कामरच्या नियमावलीत, म्हणजे वाइटरबिल्डुंग्स-ऑर्डनुंगमध्ये. २०१८ मध्ये एर्फुर्टच्या डॉक्टरांच्या महासभेने नवी नमुना नियमावली मंजूर केली, पण नमुना तो नमुनाच. तुम्हाला लागू होते ती तुमच्या कामरने स्वीकारलेली आवृत्ती. इंटरनेटवर बुंडेसएर्त्स्टेकामरचा मसुदा वाचून हिशेब करू नका, तुमच्या कामरचा दस्तऐवज उतरवून घ्या.

भारतातली एमडी पदवी सरळ फाखआर्त्स्ट, म्हणजे स्पेशालिस्ट, म्हणून लावता येत नाही. मात्र भारतातल्या कामाचा काळ कामर पूर्ण किंवा काही प्रमाणात धरू शकते. त्यासाठी साधारणपणे किमान १२ महिने जर्मनीत वाइटरबिल्डुंग केलेलं असावं लागतं, आणि शेवटची तोंडी परीक्षा द्यावीच लागते. मेडिसिनला एकूण ६० महिने, जनरल मेडिसिनला ६०, जनरल सर्जरीला ७२. किती काळ धरला जाईल हे पदवीच्या कागदावर ठरत नाही. तुम्ही प्रत्यक्ष काय केलं याच्या पुराव्यावर ठरतं. म्हणून भारत सोडण्याआधी तुमच्या विभागप्रमुखांकडून लेखी प्रमाणपत्र घ्या: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या वॉर्डात, आयसीयूत किती महिने, किती एंडोस्कोपी, किती इको स्वतः केल्या, किती पाहिल्या. ‘कामात मेहनती आणि वर्तन चांगलं’ या ओळीला तिथे काडीचं वजन नाही. पाच वर्षांनी हेच आकडे मागायला गेलात तर प्रमुख बदललेले असतात आणि रजिस्टर सापडत नाही.

जर्मनीत नोकरी निवडताना पगाराआधी एक गोष्ट विचारा: प्रमुख डॉक्टरांना त्या विषयाची किती महिन्यांची बेफुगनिस आहे? बेफुगनिस म्हणजे शिकवण्याची कामरची मान्यता, आणि ती व्यक्तीला, ठरावीक महिन्यांपुरती दिलेली असते. छोट्या गावच्या हॉस्पिटलात प्रमुखांना ३६ महिन्यांची असेल तर चौथं वर्ष तिथे काढलंत तरी ते मोजलं जाणार नाही. पगार मिळेल, काळ मिळणार नाही. प्रमुख सोडून गेले आणि नव्या व्यक्तीला अजून मान्यता आली नाही, तर तो मधला काळही लोंबकळतो. मान्यताप्राप्त डॉक्टरांची यादी कामरच्या संकेतस्थळावर शोधता येते किंवा फोन करून विचारता येते. मुलाखतीतल्या तोंडी आश्वासनावर राहू नका.

बाकीचे नियमही आधीच माहीत असू द्या. तीन महिन्यांपेक्षा छोटा तुकडा धरला जात नाही. अर्धवेळ काम चालतं, पण किमान निम्म्या वेळेचं, आणि मग काळ त्या प्रमाणात लांबतो. आजारपण, बाळंतपण, पालकत्वाची रजा यांमुळे वर्षात सहा आठवड्यांहून जास्त खंड पडला तर तो भरून काढावा लागतो. तात्पुरत्या परवानगीवर केलेलं काम मोजलं जाईल का, हे समकक्षता केव्हा सिद्ध होते त्यावर अवलंबून असतं, त्यामुळे कामरला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा. लॉगबुक इलेक्ट्रॉनिक आहे. त्यात नोंदी तुम्ही करायच्या आणि मान्यताप्राप्त डॉक्टरांनी वर्षातून किमान एकदा बसून चर्चा करून त्या पक्क्या करायच्या. नोंदी रोजच्या रोज नाही तर महिन्याला तरी करा. वर्षअखेरीला आठवून भरलेलं लॉगबुक परीक्षेच्या अर्जात लगेच ओळखू येतं. नोकरी सोडताना प्रमाणपत्र मागा. प्रमुखांनी ते विनाविलंब द्यायचं असतं. ते रेंगाळवत असतील तर कामरकडे तक्रार करता येते, आणि हा हक्क वापरायला लाजू नका.

२५० पॉइंट्सचं उत्तर सोपं आहे: स्पेशालिस्ट होईपर्यंत तुम्हाला ते दाखवावे लागत नाहीत. स्वतःला अद्ययावत ठेवायचं कर्तव्य कामरच्या आचारसंहितेने प्रत्येक डॉक्टरवर टाकलेलं आहे, पण पाच वर्षांत २५० पॉइंट्सचा पुरावा हॉस्पिटलातल्या स्पेशालिस्टना आणि सरकारी विम्याच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या दवाखान्यांना द्यावा लागतो. एक पॉइंट म्हणजे ४५ मिनिटं. म्हणजे पाच वर्षांत १८७ तासांच्या वर. आपल्याकडच्या ३० च्या तुलनेत हा मोठाच आकडा. त्यातले ५० पॉइंट्सपर्यंत स्वतःच्या वाचनासाठी धरले जाऊ शकतात. उरलेले २०० म्हणजे वर्षाला ३० तास. हॉस्पिटलातल्या आठवड्याच्या मान्यताप्राप्त सभांना नियमित बसलात तरी निम्म्याहून जास्त भागतं.

पॉइंट्स कामर मोजते, शिक्षा मात्र ती करत नाही. दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरचा पुरावा कासेनएर्त्स्टलिशे फेरआइनिगुंगकडे, बोलीत काफाउकडे, म्हणजे सरकारी विम्याच्या डॉक्टरांच्या संस्थेकडे, जातो. २००४ पासूनच्या कायद्याप्रमाणे पुरावा आला नाही तर पुढच्या चार तिमाहींत मानधन १० टक्के कापलं जातं, त्यानंतर २५ टक्के. राहिलेले पॉइंट्स दोन वर्षांत भरून काढता येतात, पण ते पुढच्या पाच वर्षांत पुन्हा धरले जात नाहीत. दोन वर्षांनीही भरले नाहीत तर विम्याच्या रुग्णांसाठीची मान्यताच काढून घेण्याचा अर्ज काफाउला करावा लागतो. अप्रोबेशन शाबूत राहतं, पण खासगी रुग्णांवर दवाखाना चालवणं थोड्यांनाच जमतं. हॉस्पिटलात हा पुरावा वैद्यकीय संचालकांकडे द्यायचा असतो.

कामर नोंदणीनंतर १५ आकडी शिक्षण क्रमांक आणि त्याचे बारकोडचे स्टिकर देते. कार्यक्रमात यादीवर स्टिकर लावायचा किंवा कोड स्कॅन करायचा, मग आयोजक हजेरी एका मध्यवर्ती व्यवस्थेकडे पाठवतो आणि पॉइंट्स तुमच्या खात्यात येतात. बहुतेक वेळा हे बिनबोभाट चालतं. बिघडतं ते आयोजक यादी पाठवायला विसरतो तेव्हा. हजेरीचं प्रमाणपत्र प्रत्येक वेळी घ्या आणि तीन महिन्यांनी एकदा खातं उघडून पाहा. चार वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमाचा आयोजक पाचव्या वर्षी शोधून सापडत नाही. मुंबई-पुण्यातल्या परिषदेचे पॉइंट्स हवे असतील तर जाण्याआधी कार्यक्रमपत्रिका कामरला पाठवून विचारा. औषध कंपनीच्या उत्पादनाभोवती फिरणारा कार्यक्रम असेल तर अपेक्षा ठेवू नका; व्यावसायिक हितसंबंधांपासून मुक्त असणं ही कायद्यातलीच अट आहे.

आणखी दोन गोष्टी कामरच्या नोंदणीला चिकटून येतात आणि दोन्हींत पैसे जातात. पहिली, वर्गणी. ती उत्पन्नावर ठरते आणि तुम्ही स्वतः उत्पन्न कळवायचं असतं. पत्राला उत्तर दिलं नाही तर अनेक कामर सरळ वरच्या श्रेणीत टाकतात. दुसरी, डॉक्टरांचा पेन्शन फंड, फेरझोर्गुंग्सवेर्क. त्याचं सभासदत्व मिळालं म्हणून सरकारी पेन्शनमधून आपोआप सुटका होत नाही. सूट मागायचा अर्ज नोकरी सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत केला तर ती पहिल्या दिवसापासून लागू होते, उशीर झाला तर अर्जाच्या तारखेपासूनच. आणि नोकरी बदलली की पुन्हा नवा अर्ज. जुनी सूट पुढे चालत नाही. नव्या हॉस्पिटलात रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात हा अर्ज करून टाका.

पत्नीबद्दल. नर्सच्या पदवीची मान्यताही राज्याचं कार्यालयच देतं. फरक इतकाच की नर्सांसाठी बहुतेक राज्यांत कामर अस्तित्वातच नाही. ऱ्हाइनलांड-फाल्त्समध्ये २०१६ पासून आहे, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमध्ये आहे. श्लेस्विग-होल्श्टाइन आणि नीडरझाक्सनमध्ये होत्या, त्या विसर्जित झाल्या. बाडेन-व्युर्टेम्बर्गशी महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मनुष्यबळाचा करार केला, म्हणून आपल्याकडून अनेक नर्सेस तिकडे जातात. तिथे त्याच वर्षी नर्सांची कामर उभी करायचा प्रयत्न झाला, पण नोंदणीचा ६० टक्क्यांचा टप्पा गाठता आला नाही आणि तो बारगळला. त्या राज्यात गेलात तर ‘चेंबरची नोंदणी करून देतो, इतके पैसे द्या’ म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका. पत्नीच्या मान्यतेच्या निकालपत्रात शिक्षणातल्या त्रुटी लिहून येतील आणि त्या भरून काढायला दोन वाटा असतील: पर्यवेक्षणाखालचं प्रशिक्षण किंवा ज्ञानाची परीक्षा. सतत शिक्षणाची सक्ती त्यांना तुमच्यासारखी नाही. पण पुढे विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवणारी प्राक्सिसआनलाइटर व्हायचं ठरवलं तर ३०० तासांचं प्रशिक्षण आणि त्यानंतर दर वर्षी २४ तासांचं शिक्षण कायद्यानेच लागतं, आणि त्या तासांची प्रमाणपत्रं त्यांना स्वतःच जपून ठेवावी लागतील.